धोंड्याच्या वाणातील दोन पडद्यांचा संग्राम, मुक्काम शहागड

राजश्री अंगदराव, ठाणे अंबड, कृषी सेवा केंद्राचे धनी, यांस या मोहिमेत काय लाभावयाचे होते ते आधी सांगतो, म्हणजे पुढे कोण कोणास का भिडले याचा खुलासा मागत बसणे नलगे. एक, हातात मावेल ऐसे गेम खेळावयाचे यंत्र, पडदा ओएलईडी, ज्यातील काळा रंग काजळाहून काळा असे जाणते बोलतात. दुसरे, थोरल्या जावयाचा मान. तिसरे, आणि खरे पाहता पहिले हेच, की धाकटे साडू राजश्री कल्याणराव यांच्या हाती साध्या पडद्याची एलसीडी राहावी आणि दर सणावारी त्यांनी शेजारी बसून ओएलईडीकडे तिरप्या नजरेने पाहावे. ऐसा तिहेरी लाभ चित्ती धरून खासा स्वारी अंबडाहून निघाली.

शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, अधिक ज्येष्ठ मास. संवत्सराचे नाव पराभव, तेव्हा कोणाचा तरी होणे प्राप्तच होते.

अधिकमास लागला म्हणजे जावयास विष्णूसमान मानून बोलवावे, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालावे, आणि वर वाण द्यावे, वाणासोबत तेवता दिवा असावा, हा दस्तूर या मुलुखी पुरातन. शहागडी, महामार्गालगत, टायरच्या दुकानाचे मालक राजश्री साहेबराव आणि त्या घराच्या सर्वाधिकारी मातुश्री द्वारकाबाई यांस दोन कन्या. थोरली दैवशाला अंगदरावांस दिधली, धाकटी ज्योत्स्ना कल्याणरावांस, जे जालन्यास सळईच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. यंदा सोन्याचा भाव आभाळी गेला सबब अंगठीची बोली सासऱ्यांनी नामंजूर केली, आणि मग दोहो जावयांनी आपापल्या बायकांमार्फत पैगाम धाडिला की अंगठी नको, हातातली गेम द्यावी, दोघांस सारखी.

मग साहेबराव जालन्याच्या बाजारी जातीने गेले. दुकानदाराने अर्ज केला की मामा, ओएलईडीचा नग एकच शिल्लक, दुसरा एलसीडी घेऊन जा, बटणे तीच, खेळ तेच, फरक तो पडद्याचा. साहेबरावांनी दोन्ही यंत्रे टायर तोलावे तैसी दो हाती तोलली आणि निवाडा दिला की एक पुढच्या चाकाला, एक मागच्या चाकाला, गाडी एकच. ही चूक नव्हे, ही मोहिमेची पायाभरणी जाहली, आणि दैवशालाबाईंमार्फत ती खबर अंबडास पोहोचली.

नेमल्या दिवशी पंगत बसली. अंगदरावांनी धोंडे मागून घेतले, कल्याणरावांनी न मागता घेतले, आणि तुपाचा तांब्या रिता जाहल्यावर दोन खोकी ताटात मांडून पुढे आली. आता औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षर वाचण्यात ज्यांची हयात गेली, त्या अंगदरावांची नजर खोक्याच्या बुडाशी गेली, आणि तिथे ओएलईडी हा शब्द दिसताच त्यांनी खोक्यावर पंजा ठेवून सभेत जाहीर केले, "मी माझ्यासाठी न्हाई म्हणून राह्यलो. थोरल्याचा मान आधी, शास्त्रात जे बसतं ते बराबर होऊ द्या."

कल्याणराव ताकाचा घोट घेऊन वदले, "होऊ द्या की साडूभाऊ. पण थोरलं कोणतं, ते पाहून तरी घेऊ."

वाण देणे द्वारकाबाईंच्या हातचे, सबब न्यायही त्यांचाच ठरला. साहेबरावांचे मत कोणी पुसले नाही आणि तेही द्यावयास उभे राहिले नाहीत.

पहिले रण अंगणात, भर दुपारी. ज्येष्ठाचे ऊन ऐसे की पत्र्यावर पापड भाजावा. दोन्ही वीर यंत्रे उगारून उभे राहिले आणि पाहतात तो ओएलईडीत अंगदरावांच्या मिशा आणि एलसीडीत कल्याणरावांचे टक्कल, त्यापलीकडे काही दिसेना. तरी दोन्ही पक्षांनी आपली फत्ते कळविली आणि घामाघूम होत्साते मागे फिरले.

दुसरे रण शेडमध्ये, पंख्याखाली. तेथे ओएलईडीने रंगांची जी आतषबाजी केली तिचे वर्णन काय करावे. हिरवे ते पोपटाहून हिरवे, लाल ते ठेच्याहून लाल. अंगदरावांनी छाती पुढे काढिली. द्वारकाबाईंनी चष्मा कपाळी चढविला, उतरविला, आणि अभिप्राय दिला की हे तिखट जास्त झालं, डोळ्याला लागतं, दुसरं कसं घरच्यासारखं हाय. एलसीडीकडे शाबासकीचा पहिला तुकडा गेला आणि अंगदरावांच्या गोटी चिंता शिरली.

मग त्यांनी मसलत केली की ओएलईडीचा खरा पराक्रम अंधारात. हुकूम सुटला, कोठीच्या खोलीत चला. खिडकीस गोधडी लाविली, दार लोटले, ज्वारीच्या पोत्यांवर मंडळी बसली, आणि दोन्ही यंत्रांवर एकच खेळ लावून खेळातील शिपाई भुयारात घातला. एलसीडीचे भुयार राखाडी दिसो लागले, जणू कोणी भिंतीस राख फासली. ओएलईडीचे भुयार ऐसे काळे जाहले की पडदा कोठे संपला आणि खोली कोठे लागली हे कळेना.

द्वारकाबाई म्हणाल्या, "अंगदराव, तुमचं बंद पडलं."

"बंद न्हाई मामी. हेच तर त्याचं मोठेपण."

"बंद पडण्यात कसलं मोठेपण?"

येथे कल्याणराव पुढे सरसावले. भाबडेपणाने की कावेबाजपणाने, याविषयी मतभेद आहेत, परंतु त्या समयी ज्योत्स्नाबाई विनाकारण खोकल्या एवढे खरे. ते बोलले, "मामी, साडूभाऊ खरं सांगून राह्यले. एलसीडीच्या पाठीमागं दिवा असतो, तो सारखा तेवतो, म्हणून अंधार बी उजळ दिसतो. ओएलईडीला पाठीमागं दिवाच न्हाई. ठिपका ठिपका आपला आपण पेटतो न आपला आपण विझतो."

अक्षर अक्षर सत्य. आणि म्हणूनच घात जाहला.

"दिवा कशात हाय म्हणलात?" द्वारकाबाईंनी पुसले.

"एलसीडीत, मामी."

द्वारकाबाई पोत्यावरून उठल्या, गोधडी ओढून काढिली, आणि त्या उजेडात निवाडा जाहीर जाहला तो येणेप्रमाणे: वाण म्हणजे दिव्याचे, थोरल्या जावयास बिनदिव्याचे वाण दिल्यास गावात तोंड दाखविण्याची सोय राहणार नाही, सबब दिव्याचे यंत्र अंगदरावांस, बिनदिव्याचे धाकट्यास.

अंगदरावांनी तोंड उघडिले. द्वारकाबाई म्हणाल्या, "तुम्हीच म्हणल्ता, शास्त्रात बसंल ते." त्यांनी दुसरे वेळी तोंड उघडिले, तो दैवशालाबाईंनी कानाशी फर्माविले, "घ्या मुकाट्यानं. आईनं दिव्याचं वाण दिल्तं न तुम्ही नगं म्हणल्ते, हे मला जन्मभर ऐकायचं न्हाई." मग अंगदरावांनी एलसीडी कपाळी लाविली आणि कल्याणरावांनी ओएलईडी. शिकस्तीवर कुंकू लागले.

कल्याणरावांनी त्या आनंदात सायंकाळी पुन्हा धोंडे मागितले. जिंकला गडी दुसऱ्या पंगतीस बसू नये, हे त्यांस कोणी शिकविले नव्हते. कारण ते जेवत असता अंगदराव देवघरापाशी जाऊन सासूबाईंस अति नम्रपणे वदले, "मामी, एक शंका हाय. कल्याणरावांचं वाण बिनदिव्याचंच राह्यलं की. धाकटे झाले म्हणून काय झालं, जावईच हायेत."

द्वारकाबाईंच्या हातची वात तशीच राहिली. "मंग काय करावं?"

"काही न्हाई. आपल्या समईचा फोटो त्या पडद्यावर लावायचा, न महिना सरंपर्यंत यंत्र देवापुढं ठेवायचं. आपोआप बंद व्हायचं मी काढून टाकतो. न उजेड पूर्ण ठेवा मामी. अर्ध्या उजेडाला अर्धं पुण्य."

हे ऐकोन कल्याणराव हातातील घास टाकून उठले. ओएलईडीवर एकच चित्र दीर्घकाळ ठेविले तर ते चित्र पडद्यास कायमचे डसते, हे त्यांस ठाऊक, आणि त्यांस ठाऊक आहे हे अंगदरावांस ठाऊक. ते कळवळून बोलले, "मामी, तसं करू नका. डाग पडतो त्याला."

"दिव्यानं डाग पडत न्हाई, कल्याणराव. काजळी धरती. ती पुसता येती."

"ही पुसता येत न्हाई, मामी."

"तुम्ही राखीनं पुसून पाह्यलं का?"

अंगदरावांनी स्वहस्ते समईची तसबीर पडद्यावर चढविली, चार्जर खोचला, आणि ओएलईडी बाळकृष्णाच्या उजवीकडे विराजमान जाहली. पाच वाती, अखंड. गावातील बायाबापड्या पाहावयास आल्या आणि म्हणाल्या, तेल न्हाई, वारं लागत न्हाई, बिलकुल झकास. साहेबरावांनी विजेच्या मीटरकडे एकवार पाहिले आणि टायर ठोकावयास निघून गेले.

अधिकमास सरला. कल्याणराव यंत्र न्यावयास आले आणि अंगदराव केवळ सासुरवाडीची खुशाली पुसावयास त्याच दिवशी, त्याच घटकेस आले. समईचे चित्र काढिले, मोटारींच्या शर्यतीचा खेळ लाविला, तो रस्त्याच्या मध्यभागी पाच वातींची समई उभी. फुटबॉल लाविला, गोलात समई. मग कल्याणराव कोठीत शिरले आणि शिपाई पुन्हा भुयारात घातला. अंधार होता तैसाच काळा, परंतु शिपायाने मशाल पेटविताच मधोमध समई आपली छाया धरून उभी राहिली, जाईल तिकडे पुढे.

द्वारकाबाई त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या आणि संतोष पावून म्हणाल्या, "आता कसं, दोघांचं बराबर झालं."

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती द्वारकाबाईंच्या नावे मांडिली. दिवा एकाच्या यंत्रात पाठीमागे, दुसऱ्याच्या पुढे, शास्त्र दोहींकडे राहिले. भरणा कोणी केला म्हणाल, तर यंत्रांचे दाम आणि विजेचे बिल साहेबरावांनी दिले, ओएलईडी अंगदरावांनी दिली, आणि तिचा निर्मळ पडदा कल्याणरावांनी दिला. द्वारकाबाईंनी दिले ते धोंडे, आणि तेही दोघांनी मागून खाल्ले.