महत्त्वाचं कारण

जर्मनीत काम नाकारण्याचा अधिकार प्रत्येक बेकाराला आहे. फक्त त्यासाठी महत्त्वाचं कारण लागतं. ते नसलं की बेकारभत्ता तीन आठवडे बंद. या व्यवस्थेला नावं ठेवायला जागा नाही.

गेर्लिंगेनच्या चारुदत्त लिमयेला त्याच्या कंपनीने एप्रिल २०१६ मध्ये काढलं आणि ऑगस्टअखेर सन्मानाने परत बोलावलं. रुजू व्हायची तारीख एकोणीस सप्टेंबर. चारुदत्तला जायचं नव्हतं. पाच महिने तोच रोज शाळेत ने-आण करत असल्यामुळे सहा वर्षांची अन्वी, जी घरात जर्मनशिवाय तोंड उघडत नसे, बाबाशी मराठीत बोलायला लागली होती. ते ऐकून त्याला भरून यायचं. पण असलं हळवं कारण सरकारी कागदावर कसं लिहायचं? म्हणून त्याने भारदस्त कारण शोधलं. त्या तारखेला पितृपक्ष होता.

"पितृपक्ष?" त्याची बायको स्वरूपा म्हणाली. "अरे, गेल्या पितृपक्षात आपण सोफा आणलाय! सेल होता म्हणून."

"ते आम्टला कुठे माहितीये?"

आम्टमधल्या, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीतल्या, केलरबाई हसल्या नाहीत. (त्या खात्यात तशी तरतूद नाही.) नातेवाइकांची शुश्रूषा हे कारण नियमात बसत असल्याने त्यांनी रीतसर चौकशी केली. पूर्वज जर्मनीत नोंदणीकृत आहेत काय? (नाहीत.) त्यांना रोज किती तास मदत लागते? (वर्षातून एक जेवण.) जेवण पोचल्याची पावती कोण देतं? (कावळा.) शेवटचं उत्तर त्यांनी दोनदा विचारून लिहून घेतलं.

आठवड्याने त्यांनी चारुदत्तला बोलावलं. पूर्वजांच्या भावनांचा मान राखून कंपनीने तारीख पुढे ढकलली होती: अकरा ऑक्टोबर. सोबत पंचांगाच्या पानाची प्रत होती, पिवळ्या शाईने रंगवलेली.

"विजयादशमी," केलरबाई अक्षर-अक्षर लावत म्हणाल्या. "साडेतीन शुभ दिवसांपैकी एक. या दिवशी काम नाकारणं तुमच्याच धर्माला धरून होणार नाही, हेर लिमये. गेनाऊ?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," चारुदत्त म्हणाला आणि त्याने सही केली.

फाईल बंद करताना केलरबाईंना घरात लहान मूल असल्याची नोंद दिसली. "मुलीसाठी अर्धवेळ काम मागायचं होतंत की. कंपनी तयार होती. फॉर्म दोनच पानांचा आहे. पण तुम्ही तसं कुठे लिहिलंच नाही." त्यांना मनापासून वाईट वाटलं. "आता पूर्णवेळावर सही झाली. सहा महिने थांबावं लागेल."

दसऱ्याला चारुदत्त मुहूर्तावर रुजू झाला. निघताना अन्वी शेजारणीचा हात धरून दारात उभी होती. "च्युस, पापा," ती जर्मनमध्ये म्हणाली.

वाचकांनी चारुदत्तला खुशाल हसावं. फक्त त्याआधी गेल्या खेपेच्या रजेच्या अर्जात आपण काय लिहिलं होतं ते आठवावं, आणि खरं कारण काय होतं तेही.