पातेल्याखालची फरशी

लिंबाजीमामा कुणाकडंही चहाला बसले, की आधी बशी उलटी करून बघतात. एकदा बशीत चहा होता, तो धोतरावर सांडला. पण बघायचं राहिलं नाही.

मामा आमचे शेजारी. पोलीस ॲक्शननंतर स्टेशन रोडला एक हॉटेल झालं होतं, तिथं ते चौकीदार होते. घुमट नाही, कमान नाही, नुसतं सरळ चौकोनी. लोक त्याला आगपेटी म्हणत. आत मुंबईच्या एका चित्रकारानं रंगवलेल्या फरश्यांची भिंत केली होती. डोक्यावर घमेलं घेतलेल्या बाया. पुढं हॉटेल पाडलं आणि ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं नेलं. तेव्हापासून मामांचा सगळ्या गल्लीवर संशय. बशीमागं हॉटेलचा शिक्का दिसला, की त्या घरात हॉटेलचं आणखी काय आहे ते बघणार.

"कुठून आणलं?" हा त्यांचा एकच सवाल. माझी नात दवाखान्यातून घरी आणली, तेव्हा तिला बघूनही त्यांच्या तोंडून हेच निघालं. कुणाकडं हॉटेलची फरशी सापडली की ती मागून नेत. विकत असतील, असं आम्हा बायकांना वाटे.

मला त्यांची भीती होती. आमच्या ह्यांनी त्या ढिगाऱ्यातून एक निळी फरशी आणलेली. तिच्यावर जोडवी घातलेला पाय. मी तिच्यावर वरणाचं पातेलं उतरवायची. मामांचा खोकला ऐकू आला की फरशी ज्वारीच्या डब्यात.

परवा डबा दळणाला गेला होता आणि मामा खोकलेच नाहीत. सरळ आत आले, पातेलं बाजूला केलं, फरशी उलटी केली. मागं नंबर होता. भिंतीवर लावताना चूक होऊ नये म्हणून चित्रकारानं प्रत्येक फरशीमागं तो घातलेला. मी मान खाली घालून उभी राहिले. आता हे पोलिसात जाणार, असंच वाटलं.

मामा फरशी मांडीवर घेऊन खाली बसले.

"चोर नाय हुडकत मी, सूनबाई. हिला हुडकत होतो."

मग हळूहळू सांगितलं. त्यांची बायको त्याच बांधकामावर घमेली वाहायची. चित्रकारानं तिलाच उभी करून त्यातली एक बाई काढली. तिचा फोटो कधी काढला नव्हता, आणि ती जाऊन लई वर्षं झाली. मामांनी घरातल्या भिंतीला ती नंबरानं जुळवत आणली होती. एक पाय तेवढा राहिला होता.

मी फरशी पदरानं पुसून दिली. मधल्या काळ्या डागावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"लई चटके बसले असतील हिला."

मी म्हणाले, "रोज नाही हो मामा. वरण रोज नसतं आमच्याकडं."