मास्तरांनी केलेला खून

टेलरमास्तरांनी आपलं पुस्तक आपल्यापुरतं ठेवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणसाला सुख पचत नाही हेच खरं.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं, मशीनवरचा पाय काढायचा, चष्मा नाकावर चढवायचा आणि रहस्यकथांतल्या त्या इंग्लंडच्या चीफ इन्स्पेक्टरच्या मागोमाग धुक्यात शिरायचं, हा मास्तरांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. मालिकेतला एकेक भाग त्यांचा दोन-दोनदा वाचून झालेला. खुनी कोण हे ठाऊक असूनही ते दरवेळी नव्याने नखं खायचे. (गिऱ्हाइकाची बाही किती इंच हे विसरतील, पण कुठल्या भागात विष कुठल्या पेल्यात होतं ते झोपेतून उठवून विचारा.) एवढा भक्त त्या लेखिकेला तिच्या स्वतःच्या घरातही मिळाला नसता.

खिडकीशी मास्तरीणबाई बसलेल्या असत. दुकानातली काजं सगळी त्यांच्या हातची. काज म्हणजे बटणाचं भोक, पण मास्तरीणबाईंच्या हातून गेलं की त्याला भोक म्हणायची कोणाची छाती होत नसे. त्यांचा हात चालू असायचा आणि कानावर यायचं, "अरे, तिकडे नको जाऊस! दाराआड उभा आहे तो!"

"कोणाशी बोलताय हो?" एके दिवशी त्यांनी विचारलं.

"इन्स्पेक्टरशी. ऐकतेस का? मोठ्याने वाचतो."

झालं. इथेच मास्तरांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

पहिले काही दिवस मजेत गेले. मास्तर वाचायचे, बाई काजं करायच्या, मधूनच म्हणायच्या, "माळ्यानेच मारलंय बघा." मग मास्तर गालातल्या गालात हसायचे. इतक्या वर्षांच्या संसारात बायको आपलं बोलणं हातातलं काम थांबवून ऐकते आहे, हे दृश्य त्यांनी प्रथमच पाहिलं. ती तोंडाकडे बघायची, डोळे मोठे करायची, "मग? मग?" म्हणायची. मास्तर खुशीत. ती आपल्याकडे बघते आहे, असं त्यांना वाटत होतं.

ती आपल्या आरपार बघते आहे, हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं.

सुरुवातीला ती म्हणायची "तो इन्स्पेक्टर". मग "ते इन्स्पेक्टर" झाले. पुढच्या भागापर्यंत नुसतेच "साहेब".

"साहेब किती हळू बोलतात हो! खुन्यालासुद्धा ओरडत नाहीत."

"पोलीस आहे तो. त्याला पगार मिळतो न ओरडण्याचा," मास्तर म्हणाले.

"आणि केस! या वयात इतके दाट!"

मास्तरांचा हात नकळत डोक्याकडे गेला आणि तिथे धरण्यासारखं काही नसल्यामुळे परत आला.

मग एका मोठ्या हॉटेलच्या दरवानांच्या कोटांची ऑर्डर आली. मास्तरांनी पहिला कोट उभा केला. बाईंनी तो हातात धरला, लांब केला, मान तिरकी करून पाहिला.

"साहेबांना काय शोभला असता!"

"साहेबाचं माप कुठे आहे आपल्याकडे?"

"माप कशाला हवं? कळतं ना. छाती रुंद, खांदे सरळ. खांद्यात पॅड घालावं लागणार नाही."

मास्तरांच्या स्वतःच्या कोटात घरातली सगळ्यात जाड पॅडं होती आणि ती बाईंनीच शिवली होती. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. जळत होतं ते दोन्हीकडून. इन्स्पेक्टर त्यांचा, बायको त्यांची. त्यांनीच दोघांची गाठ घालून दिली, आणि आता दोघं आत नि मास्तर दाराबाहेर, असं काहीसं होऊन बसलं होतं. ज्या माणसासाठी आपण जीव टाकला त्याचाच आता राग यावा, यासारखी पंचाईत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तकात छापलं होतं, इन्स्पेक्टरने आपल्या दाट केसांतून बोटं फिरवली. मास्तरांनी घसा खाकरला आणि वाचलं, "इन्स्पेक्टरने आपल्या टकलावरून रुमाल फिरवला."

सुई थांबली.

"टक्कल? कधी पडलं?"

"मागच्या भागानंतर. पोलिसांना टेन्शन फार."

"अगंबाई!" बाईंचा चेहरा एवढासा झाला. "बिचारे!"

मास्तरांना 'शी!' हवं होतं. 'बिचारे' नको होतं. पण एकदा कात्री लावल्यावर कापड थोडंच परत जुळतं? त्यांनी मग हातच मोकळा सोडला. पानापानाला साहेबांना एकेक व्यंग चिकटवायला सुरुवात केली. आता दुसऱ्याची व्यंगं मास्तरांना कुठून सुचणार? जी जवळ होती ती दिली. साहेबांच्या तळपायाला भोवरी झाली. साहेब घोरू लागले. चष्मा कपाळावर ठेवून साहेब तो कपाटाखाली शोधू लागले. दूध गॅसवर ठेवून ते विसरले आणि पातेलं जाळून बसले. (लेखिकेने हे वाचलं असतं तर तिनेच पोलिसांत तक्रार केली असती.)

आणि प्रत्येक वेळी खिडकीशी एकच सुस्कारा, "बिचारे! त्यांचं करायला कोणीतरी हवं हो."

"स्वयंपाकीण आहे त्याला."

"स्वयंपाकीण वेगळी!" बाई एवढ्या मायेने म्हणाल्या की मास्तरांची ओळ चुकली.

त्यातून कथानकाचेही हाल सुरू झाले. एका भागात खुनी पकडला जातो तो तंबाखूच्या वासावरून. पण मास्तरांनी आदल्या दिवशी रागाच्या भरात साहेबांना जबरदस्त पडसं दिलेलं! वास यायचा कुठून? शेवटी खुनी आपण होऊन पोलीस चौकीत आला आणि टेबलावर डोकं ठेवून रडला.

"असा कसा आला?"

"पश्चात्ताप झाला त्याला."

"होणारच," बाई डोळे टिपत म्हणाल्या. "एवढं नाक गळत असताना माणूस कामावर येतो, हे बघून कोणाचंही मन पाघळेल."

त्या दिवशी मास्तरांनी इन्स्पेक्टरला संपवायचं ठरवलं.

संधी लगेच आली. पुढच्याच भागात इन्स्पेक्टर खुन्याच्या पाठलागावर घड्याळाच्या मनोऱ्याचा जिना चढतो. मास्तरांनी दोन-चार पायऱ्या त्याला इमानदारीत चढू दिल्या. मग म्हणाले, "आणि भोवरीची कळ येऊन त्याचा पाय घसरला."

"अगंबाई! मग?"

"मग काय. गेला."

"गेला म्हणजे? खाली गेला?"

"खालीही गेला आणि वरही गेला. वारला."

बाई पुस्तकाकडे बघत राहिल्या. "पण पुस्तक तर अजून निम्मं उरलंय."

"त्या जाहिराती आहेत," मास्तर म्हणाले आणि पुस्तक मिटून चक्क शीळ घालत मशीनवर बसले. फार दिवसांनी त्यांना घर आपलं वाटलं.

बाई रडल्या नाहीत, भेकल्या नाहीत. खाली मान घालून त्यांनी दरवानांचे कोट पुढ्यात ओढले आणि काजं करत सुटल्या. मास्तर मनात म्हणाले, चला, सुतक आटोपलं. बायको कामाला लागली.

संध्याकाळी हॉटेलचा मॅनेजर, बटणं लावण्याआधी एकदा कोट बघावेत म्हणून आला. मास्तरांना पुस्तकं पुरवणाऱ्या लायब्ररीवाल्या बाईही तेव्हा आपल्या नव्या कोटाचं फिटिंग बघायला आरशासमोर उभ्या होत्या. मॅनेजरने वरचा कोट उचलून अंगावर चढवला, पुढून बंद करायला गेला आणि तसाच थांबला.

"मास्तर, बटणं कुठे लावणार?"

"कुठे म्हणजे? उजवीकडे. काजं डावीकडे, बटणं उजवीकडे."

"उजवीकडेही काजं आहेत."

मास्तरांनी पाहिलं. डावीकडे काजं. उजवीकडे काजं. बटण लावायला तिळाएवढी जागा नाही. दुसरा कोट ओढला, तसाच. तिसरा, तसाच. सगळा गठ्ठा दोन्ही बाजूंनी भोकं घेऊन आ वासून पडलेला. सगळी काजं कशी एकसारखी, सुबक.

"अगं, हे काय करून ठेवलंस?"

खिडकीतून आवाज आला, "माणूसच राहिला नाही, तिथे काजं डावीकडे की उजवीकडे, काय फरक पडतो?"

मॅनेजरने पटकन कोट उतरवला. "क्षमा करा हं, मला माहीत नव्हतं. कोण गेलं?"

"कोणी नाही, कोणी नाही!" मास्तर.

"इन्स्पेक्टरसाहेब," मास्तरीणबाई.

"घरातलेच का?"

"घरातल्यासारखेच होते."

आरशासमोरून लायब्ररीवाल्या बाई गर्रकन वळल्या. "कुठले? आपले? पुस्तकातले? त्यांना काय झालं?"

"मनोऱ्यावरून पडले. पायाला भोवरी होती ना."

"अहो, काहीतरीच काय! मनोऱ्यावर तर ते खुन्याला पकडतात! त्याच्यापुढचे भाग रांगेने उभे आहेत माझ्या कपाटात. आणि भोवरी कसली? पुढच्या भागात ते नदी पोहून जातात!"

"पडशात?"

"पडसं? छे!"

"आणि टक्कल?"

"टक्कल!" लायब्ररीवाल्या बाईंच्या आवाजात दुखावलेपणा होता. "त्यांच्या केसांसाठी तर निम्मी लायब्ररी ते भाग नेते!"

मास्तरीणबाई हळूहळू मास्तरांकडे वळल्या. मास्तर गळ्यातली टेप उलगडून भिंतीचं माप घेऊ लागले.

"म्हणजे कोणी गेलं नाही ना?" मॅनेजरने विचारलं. "मग माझे कोट?"

तयार काज उसवून चालत नाही. कापड कापलेलं असतं. सगळ्या कोटांचा पुढचा उजवा पल्ला नव्याने कापून जोडायचा होता. मॅनेजर तणतणत मुदत देऊन गेला आणि त्याच्यामागोमाग मास्तरीणबाईही चपला घालून लायब्ररीवाल्या बाईंबरोबर निघाल्या. जाताना चार शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

पुढचे काही दिवस मास्तर पल्ले जोडत होते आणि बाई खिडकीशी बसून स्वतः वाचत होत्या. मनातल्या मनात! मनातल्या मनात वाचणारी बायको काय वाचते आहे, कुठे हसते आहे, कशाला लाजते आहे, काही कळायला मार्ग नाही. आता तर अस्सल साहेब घरात आला होता, केसांसकट, खांद्यांसकट, आणि त्याच्यामध्ये नि तिच्यामध्ये मास्तरांचा आवाजसुद्धा उरला नव्हता. मास्तरांना आपली इतकी कीव आली की मशीनची सुई बोटात गेली तरी ते ओरडले नाहीत. (साहेब ओरडत नाहीत, हेही कारण होतंच.)

शेवटी एका दुपारी बाईंनी पुस्तक मिटलं आणि बाजूला सारलं.

"नाही आवडले मला."

मास्तरांचा पाय मशीनवर थबकला. "कोण?"

"हे साहेब. सदा नीटनेटके. काही हरवत नाही, काही सांडत नाही, काही दुखत नाही. अशा माणसाला घरात दुसऱ्या कोणाची गरजच काय? त्यापेक्षा आपले ते बरे होते."

"आपले?"

"टकले. भोवरीवाले. चष्मा कपाळावर ठेवून घर पालथं घालणारे." बाईंचा आवाज कापरा झाला. "पातेलं जाळायचे आणि वर कसं ओशाळं हसायचे! असा माणूस जवळ असता तर त्याच्यावरून जीव ओवाळून टाकला असता."

मास्तर ताडकन उठले. जन्मात असा कौल मिळाला नव्हता.

"अगं वेडे, तो मी! ते टक्कल माझं! भोवरी माझी! पातेलं मीच जाळलं होतं! डोक्यापासून पायापर्यंत माझ्याच मापाने बेतलं होतं त्याला!"

बाईंनी डोळे पुसले. जवळ आल्या. मास्तरांना वरपासून खालपर्यंत, आणि मग खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. मास्तरांनी श्वास रोखून खांदे सरळ केले.

"खरंच की काय?" बाई म्हणाल्या. "मग घरात असताना कधीतरी त्यांच्यासारखे वागत का नाही हो?"