भावोजी आम्हाला बागेत नेतात

माझे थोरले दीर बागेत जाताना दोर घेऊन जातात. झोका बांधायला नव्हे. विसर्जनाच्या मिरवणुकीत गर्दी आवरायला कार्यकर्ते धरतात ना, तो जाडजूड दोर. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतून कुठेही सहकुटुंब निघायचं, तर आधी सगळ्यांनी दोराच्या आत उभं राहायचं. पुढची बाजू भावोजींच्या हातात, मागची माझ्या नवऱ्याच्या. मध्ये मी, माझी लेक तन्वी आणि डबे. भावोजींच्या तोंडात शिट्टी. रस्ता ओलांडताना टॅक्सीवाले थांबून हात जोडतात, त्यांना वाटतं आत मूर्ती आहे. आत मी असते, घामाघूम आणि संतापलेली.

भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे, महेशचे, मोठे भाऊ. लग्न केलं नाही. एका छापखान्यात पुस्तकं शिवायचं काम करायचे, आता रिटायर झालेत. पण खरं काम ओरडण्याचं. उभी हयात गणपती मंडळाच्या दर्शनाच्या रांगेवर गेली, त्यामुळे दोन माणसं एकत्र दिसली की त्यांना रांगच दिसते. सकाळी नळावर 'लाईन तोडायची नाय!', मी आरशासमोर उभी राहिले की 'रेंगाळू नका, पुढे चला!' माझी आई एकदा राहायला आली होती. टीव्हीसमोर बसलेल्या बाईला हा माणूस म्हणतो, 'मावशी, दर्शन झालं ना? सरका आता.' त्या दिवशी माझं डोकं असं फिरलं की दोन्ही भाज्या करपल्या.

तर या वर्षी आम्ही डोंबिवलीला वन बीएचके घेतला. भावोजींना धरूनच घेतला. ते आमच्याबरोबर मुद्दाम येऊन बघून गेले. नळ सोडून बघितले, भिंतींवर टकटक केली, प्रत्येक खिडकीतून मान बाहेर काढायचा प्रयत्न केला. आणि दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "मी नाय येणार. तुम्ही जावा. मी हयच बरो."

"अहो पण का?"

"डोंबिवलीचं पाणी मला सोसत नाय."

"तुम्ही प्यायलात कधी तिथलं पाणी?"

"काल तिथे चहा नाय पाजलास?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारा माणूस, शुगर आहे, एकटा राहणार. रात्री काही झालं तर हाक कोणाला मारणार? तन्वी रडून रडून लाल झाली. मी भांडले, अबोला धरला, परत भांडले. उपयोग शून्य. उलट मलाच म्हणाले, "तुम्ही गेल्यावर अख्खा पंखा माझा एकट्याचा. चैन आहे." महेश कधीच काही बोलत नाही, घराच्या वाट्याचं सगळं बोलणं मोठ्या भावाने वापरून टाकलंय. मला त्या दोघांचाही सारखाच राग येत होता.

सामान बांधायला काढलं आणि भावोजींनी हुकूम सोडला, "जायच्या आधी रविवारी सगळ्यांनी बागेत जेवायचं. सुनंदाला पण बोलवा." सुनंदा म्हणजे माझी नणंद, माहीमला असते. माझ्या घरात भांड्यांची पोती उभी आणि यांना बाग सुचतेय! पण नाही म्हणायची सोय होती का?

मग आठवडाभर पाहणी. रोज पहाटे उठून बागेत जायचे आणि आल्या आल्या दारातूनच सांगायचे. बदामाखाली ऊन तिरकं येतं. आंब्याखाली मुंग्या. योगावाले उठले की त्यांच्या जागेवर आपली सतरंजी. बागेत खायचे पदार्थ न्यायला बंदी, म्हणून वडे आणि कोंबडीचं सुकं तन्वीच्या दप्तरातून न्यायचं ठरलं.

"कोंबडी? शाळेच्या दप्तरातून?" मी किंचाळले.

"वॉचमन अभ्यास तपासत नाय गो."

"आणि सोलकढी?"

"बाटलीत. विचारलं तर औषध म्हणून सांगायचं."

रविवारी सकाळपासून मी वडे तळत होते आणि प्रत्येक वड्यागणिक या माणसाला शिव्या घालत होते. भर दुपारी वरात निघाली. दोर, शिट्टी, सतरंजी, दप्तरातून घमघमाट. सुनंदाचे मिस्टर बँकेत मॅनेजर आहेत. ते दोराच्या आत रुमालाने तोंड झाकून चालत होते.

बागेपाशी पोचलो, तर फाटकाला हे एवढं कुलूप.

बाग सकाळी उघडते, दुपारी बंद होते, संध्याकाळी पुन्हा उघडते. शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल. पण आम्ही एरवी जातो ते संध्याकाळी, आणि भावोजींची पाहणी सगळी पहाटेची! आणि वेळेची पाटी फाटकाच्या झडपेवरच, फाटक उघडलं की ती भिंतीकडे तोंड करते. त्यांना ती कधी दिसलीच नव्हती.

"उघड रे!" भावोजी आत बसलेल्या वॉचमनवर गरजले.

"चार बजे, काका."

"बाग म्हणजे काय वाण्याचं दुकान आहे दुपारी बंद ठेवायला? झाडं झोपतात काय तुझी?"

"साहेबांची ऑर्डर आहे."

"कोण साहेब? बोलव त्याला!" आणि भावोजींनी शिट्टी फुंकली. वॉचमनलाही चेव आला. त्याने आपली शिट्टी काढली आणि आतून फुंकली. एक फाटकाच्या अलीकडे, एक पलीकडे, दोघे लालबुंद होऊन एकमेकांवर शिट्ट्या मारतायत आणि आम्ही मागे दोरात उभे. मला रस्त्यात गडप व्हावंसं वाटलं.

"हॉटेलात जाऊ या का?" सुनंदाचे मिस्टर हळूच म्हणाले.

"हॉटेलात?" भावोजी उसळले. "घरचे वडे घेऊन?"

शेवटी बागेतल्या एका झाडाची सावली कठड्याबाहेर फुटपाथवर पडली होती, तिथे सतरंजी अंथरली. भावोजींनी दोन खांबांना दोर बांधून चालणाऱ्यांना लांब ठेवलं. एक बाई थांबून विचारून गेल्या, प्रसाद कधी वाटणार म्हणून.

आम्ही जेवायला बसलो. भावोजी मात्र उभे. याला वाढ, त्याला वाढ, सुनंदा लाजू नको, तन्वी सांडू नको. तोंडाचा पट्टा चालूच. आणि माझा बांध फुटला.

"बसा खाली!" मी ओरडले. फुटपाथवरची माणसं वळून बघायला लागली, बघेनात का. "बसा म्हणते ना! एवढी माया उतू जातेय तर येत का नाही आमच्याबरोबर? काय चुकलं आमचं ते एकदा तोंडावर सांगा. पाण्याची थाप मला नका मारू!"

भावोजी बसले. सतरंजीच्या अगदी कडेला. पुढ्यातली पत्रावळ उगाच सरळ केली.

"तुमच्याकडे गॅलरी नाय गो," ते म्हणाले.

"काय?"

"फ्लॅटला गॅलरी नाय. मी सगळं बघितलं. खिडक्यांना पण ग्रिल. मी झोपणार खंय?"

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. हा माणूस जन्मभर चाळीच्या गॅलरीत झोपत आला. खोली एकच. आधी आत आईवडील, धाकटी भावंडं. मग महेशची बायको म्हणून मी आले, तन्वी झाली. आतली माणसं बदलत गेली, यांची वळकटी बाहेरच राहिली. त्यामुळे नव्या घरात त्यांनी स्वतःची जागा शोधली ती दाराबाहेर. ती नाही म्हटल्यावर आपल्याला जागाच नाही, असं धरून मुकाट परत आले.

मला इतका राग आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कोणाचा राग, ते मला अजून धड सांगता येत नाही.

"घरात झोपायचं, भावोजी," मी म्हटलं. "हॉलमध्ये. पंख्याखाली."

"आत?"

"मग काय लिफ्टमध्ये?"

"मी घोरतो."

"माहितीये. खालच्या मजल्यालाही माहितीये."

"पहाटे उठतो. खुडबुड होते माझी."

"होऊ दे."

"नको गो, सुषमा." त्यांचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता. "पोर मोठी होतेय. तुमचा संसार. माणसाने मधे मधे किती करायचं?"

मी तोंड उघडणार होते. पण त्याआधी महेश उठला. त्याने आपल्या पत्रावळीतला वडा उचलून भावोजींच्या पत्रावळीत ठेवला आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसला.

"दादा," तो म्हणाला, "आता गप जेव. शनिवारी टेम्पो येतोय, तुझी गादी पहिली चढवायची."

आणि भावोजी, मी लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, एक शब्द न बोलता जेवले.