झाकणात मावणारा ट्रान्सफॉर्मर

एकमेकींना न शिवताही दोन बाजू एकमेकींना सगळं कळवू शकतात, हे विज्ञानाला बरंच उशिरा कळलं. (अबोला धरलेल्या जावांना ते आधीपासून ठाऊक होतं.) ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतो. तारेची दोन वेटोळी शेजारीशेजारी बसतात. ती कुठे जोडलेली नसतात, तरी इकडचा निरोप तिकडे पोचतो. बाहेर वीज कडाडली आणि तारेवरून भलतंच काही आलं, तर ते मात्र निरोपाबरोबर आत शिरू नये अशी अपेक्षा असते. नेटवर्कच्या प्रत्येक डब्यात, तार खोचायच्या भोकामागे, असा एक काळा ठोकळा असतो. तो निवडणं जोखमीचं काम, म्हणून कंपनीने ते जाणकारावर न सोपवता समितीवर सोपवलं होतं. समितीत नऊ जण होते. त्यातल्या आठ जणांनी तो ठोकळा कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती होतं.

नववी मोजपट्टी. हे तिचं टोपणनाव. डब्याच्या आतली सगळी मांडणी तिची होती. चहाचा कप ठेवण्याआधीही ती टेबल सपाट आहे का ते बघते, अशी ऑफिसात अफवा होती. (अफवा साफ खोटी. ती फक्त नवीन टेबलं तपासायची.)

या खेपेस तिचा जीव जरा जास्त अडकला होता, कारण नव्या डब्यांची पहिली जोडी वापरून बघायला तिच्याच ताईकडे जायची होती. ताई दातांची डॉक्टर. गल्लीपलीकडे भावोजींचं औषधाचं दुकान. ताईच्या चिठ्ठ्या भावोजींकडे जायच्या त्या एका तारेवरून, आणि ती तार या गच्चीवरून त्या गच्चीवर उघड्यावर लोंबत होती. ताईच्या टोकाच्या डब्यालाच तिचं नवं एक्स-रे यंत्र जोडलेलं होतं. त्या यंत्रासाठी ताई दोन वर्षं कुठल्या लग्नालाही गेली नव्हती.

नमुने दोन आले, एक उंच आणि एक बुटका. उंचाच्या वेटोळ्यांमध्ये भरपूर अंतर होतं. बुटक्याची वेटोळी एकमेकांच्या अगदी गळ्यात पडलेली, म्हणजे विजेला एका उडीत पलीकडे जाता येईल अशी. सोपा उपाय होता: दोन्ही बाजूंमध्ये दीड हजार व्होल्ट मिनिटभर लावायचे आणि काय होतं ते बघायचं. पण चाचणीनंतर नमुना 'वापरलेला' ठरतो आणि वापरलेल्या मालावरून नव्या मालाविषयी मत बनवणं नियमात बसत नाही, हे भांडारातून कळवण्यात आलं.

तिने विभागप्रमुखांना गाठलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "चाचणीत बुटका फुटला तर?"

"तर घ्यायचा नाही, सर."

"आत्ता फुटलाय का?"

"नाही."

"मग घ्यायला हरकत काय?"

मोजपट्टीने या युक्तिवादातली फट शोधायचा प्रयत्न केला. फट होती, पण तिच्यात बोट घालायला जागा नव्हती.

खरा निर्णय झाकणाने केला. उंच ठोकळा बसवला की झाकण दोन मिलिमीटर वर राहायचं. झाकणाला बारीकपणाबद्दल बक्षीस मिळालेलं होतं, ठोकळ्याला काहीच मिळालेलं नव्हतं. शिवाय पाहणी झाली होती. डबा घेताना शंभरातल्या एक्क्याण्णव ग्राहकांनी झाकण आणि निळा दिवा पाहिला, सहा जणांनी खोका, आणि उरलेले तिघे चुकून त्या दुकानात शिरले होते. ट्रान्सफॉर्मरबद्दल कोणीही काही विचारलं नाही. त्यावरून ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत ग्राहक पूर्ण समाधानी असल्याचं सिद्ध झालं. बुटका एकमताने निवडला गेला, एक मत वगळून.

त्या एका मताने मग आयुष्यात पहिल्यांदा नियमाबाहेरचं काम केलं. ताईसाठीच्या दोन्ही डब्यांत तिने स्वतःच्या हाताने उंच ठोकळे बसवले, दिव्याची जागा त्यांनी खाल्ली म्हणून दिवे काढले, आणि न बसणारी झाकणं कापडी पट्टीने बांधून टाकली.

"अगं, याचे दात दुखतायत का?" ताई म्हणाली. "असा गाल बांधलेला डबा पेशंटसमोर ठेवू?"

मोजपट्टीने विजेबद्दल समजावलं.

"गेल्या वर्षी पडली होती का वीज?"

"नाही, पण..."

"मग? मला तो निळ्या दिव्याचा दे बाई."

भावोजींनी मात्र आपला बांधलेला डबा खोकल्याच्या औषधामागे सरकवला. "माझ्याकडे कोण बघतंय," म्हणाले. ताईकडे समितीचा डबा गेला, झाकण बसलेला.

वीज पडली ती भर दुपारी, पलीकडच्या झाडावर. ताईच्या डब्यातला बुटका जळाला आणि तिचं यंत्र मुकं झालं. दिवा थेट घरच्या विजेवर चालत असल्यामुळे तो तेवढाच निळा राहिला, आणि त्याच्या भरवशावर ताई तासभर यंत्रालाच बोल लावत बसली. पलीकडून भावोजींचा फोन, चिठ्ठ्या का येत नाहीत. त्यांचा डबा ठणठणीत होता.

एकाच तारेची दोन टोकं, एकच वीज, दोन ठोकळे. असा नीटनेटका प्रयोग प्रयोगशाळेतही जमत नाही. मोजपट्टीने तो समितीपुढे ठेवला. समितीने दोष विजेचा असल्याचं मान्य केलं, आणि दिवा शेवटपर्यंत चालू राहिल्याबद्दल डब्याला अंशतः यशस्वी ठरवलं. निरोप उरलेल्या आठही टेबलांवर पोचला, धक्का एकालाही बसला नाही. मोजपट्टीला पहिल्यांदाच वाटलं, की इतका उत्तम ट्रान्सफॉर्मर कंपनीकडे आधीपासूनच होता.

यंत्र दुरुस्त होऊन आलं तेव्हा ती गाल बांधलेला डबा घेऊन पुन्हा ताईकडे गेली. या वेळी ताईने स्वतःच तार काढून त्यात खोचली आणि डबा पडद्यामागे ठेवला.

"आणि हा जळका?" मोजपट्टीने विचारलं.

"तो राहू दे तिथेच. दिवा दिसला की लोकांना बरं वाटतं."

कोणत्या लोकांना, हे मोजपट्टीने विचारलं नाही. हे वाचता वाचता तुम्हीही मघाशी आपल्या घरच्या कोपऱ्यातल्या डब्याकडे एकदा पाहिलंत. दिवा लागलेला होता. बरं वाटलं ना?