सव्वादहाचा उजेड

वेणीमाधव मास्तरांनी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, म्हणजे चौतीस वर्षं पोरांकडून मडकं काढून घेतलं! मडक्यावर उजेड कुठून येतो आणि सावली कुठं पडते, हे त्यांनी इतक्यांदा विचारलं होतं की निम्मं सोलापूर आजही मडकं दिसलं की आधी त्याची सावली शोधतं. त्यामुळं त्यांची लेक भार्गवी जेव्हा पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, आईच्या पोळीचा फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका, नैसर्गिक उजेडात काढा," तेव्हा मास्तरांना हसूच आलं.

"उजेडाचं तू मला सांगतेस? अगं, एका फोटोत काम करून दाखवतो!"

काम तसं मानाचं होतं. महिला मंडळ पाककृतींचं पुस्तक छापत होतं आणि ज्या पदार्थाचा फोटो उत्तम, तो मुखपृष्ठावर जाणार होता. दाण्याचा कूट आणि गूळ भरलेली यशोदाबाईंची शेंगापोळी साऱ्या बाळीवेशीत नावाजलेली. पण अडतीस वर्षांच्या संसारात त्या पोळीचा फोटो कधी कुणी काढला नव्हता. रविवारी स्वयंपाकघरात काढला, तर पोळी दोन महिन्यांच्या काविळीतून उठल्यासारखी दिसत होती! आणि फोटो बुधवारपर्यंत द्यायचा होता.

सोमवारी सकाळी मास्तर ताट घेऊन घरभर फिरले. देवघरात उजेड चांगला होता, पण देवांची अडचण होत होती. बैठकीतला उजेड पडद्याचा हिरवा रंग घेऊन यायचा. पोळी पालकाची वाटायची. शेवटी माडीवरच्या गॅलरीत जागा सापडली. सव्वादहाला समोरच्या पत्र्यावरून तिरपं ऊन आत यायचं आणि साडेदहाला विजेच्या खांबाची सावली बरोबर ताटावर आडवी व्हायची. मिळून पंधरा मिनिटं!

"पण भिंतीकडची बाजू अंधारी राहते," मास्तर म्हणाले. "सावलीत उजेड भरायला हवा."

त्यांनी खोलीतला मोठा आरसा उतरवून आणला, खुर्चीवर भिंतीला टेकवला. ऊन आरशावर, आरशातून पोळीवर! उन्हात मोबाइलवर काही दिसेना, म्हणून डोक्यावरून चादर घेतली. चादरीतून अधूनमधून एक हात बाहेर यायचा, आरसा हलवायचा आणि परत आत जायचा. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, कुणी अंथरूण वाळत घातलंय आणि ते जरा अस्वस्थ आहे!

आता एवढ्या मोठ्या आरशातला उजेड एका पोळीला किती लागणार? उरलेला गजांमधून निसटला, बोळ ओलांडून समोरच्या निंगव्वाच्या घराच्या पुढच्या सोप्यात जाऊन पडला. चादरीतल्या माणसाला हे कळावं तरी कसं?

निंगव्वा सत्तरीची. आठच दिवसांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून ती सोप्यात बसली होती, तोच अंधाऱ्या भिंतीवर लख्ख उजेड पडला. थरथरला, उडी मारून छतावर गेला, परत खाली आला!

"रुद्रप्पा! अय्यो, डोळा गेला की रे माजा!"

तिचा मुलगा रुद्रप्पा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. बिचाऱ्यानं रजा टाकली, आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, डोळा एकदम चांगला आहे. निंगव्वाचा काही विश्वास बसेना.

मंगळवारी सव्वादहाला उजेड पुन्हा आला. त्या दिवशी मास्तरांना आरशाचा कोन साधला होता, त्यामुळं तो इकडंतिकडं न पळता थेट सोप्यातल्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीवर जाऊन थांबला. दहा मिनिटं! या वेळी सुनेनंही पाहिला. म्हणजे दोष डोळ्याचा नव्हता. मग कशाचा? निंगव्वानं हात जोडले. संध्याकाळपर्यंत बातमी साऱ्या बोळात झाली.

इकडं मास्तरांचे एकशे चाळीस फोटो काढून झाले होते. एकही मनाजोगता नव्हता. "पोळीत आत्मा येत नाही," ते म्हणायचे. यशोदाबाई नुसत्या बघायच्या आणि पुढची पोळी लाटायला घ्यायच्या.

बुधवारी दहाला खाली बरीच गर्दी जमली. उदबत्त्यांचा वास माडीपर्यंत आला. रुद्रप्पानं खालूनच हाक मारली, "मास्तर, या की जरा! आमच्या सोप्यात रोज उजेड येतोय, कुटनं येतोय कळंना. तुमी उजेडातले जाणकार. बगून सांगा की वो!"

जाणकार! मास्तरांनी मोबाइल तिथंच ठेवला.

"यशोदा, पाच मिनिटांत येतो. लोकांना शास्त्र सांगायला हवं कुणीतरी."

सोप्यात त्यांना पुढं खुर्ची मिळाली. "उजेड सरळ रेषेत प्रवास करतो," त्यांनी सुरुवात केली. "त्याचं उगमस्थान मी चुटकीसरशी दाखवतो. येऊ द्या त्याला!"

सव्वादहा झाले. उजेड नाही. दहा वीस झाले. भिंत आपली अंधारीच!

"मास्तर आले आणि उजेड गेला," मागून कुणीतरी पुटपुटलं. माना वळल्या. मास्तरांना खुर्ची टोचायला लागली. निंगव्वानं काळ्या चष्म्याखाली हळूच बोट नेलं.

"म्हंजे डोळ्याचंच हाय माज्या. काल तू माजं मन राखाया व्हय म्हनलीस," ती सुनेला म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

माडीवर यशोदाबाई गरम पोळी घेऊन थांबल्या होत्या. पाच मिनिटांची वीस झाली. त्यांनी पदर खोचला आणि आरसा स्वतःच नीट करून ठेवला.

"आला! आला!" सोप्यात एकच गलका झाला. उजेड भिंतीवर थरथरला आणि तसबिरीवर स्थिर झाला. लोकांनी हात जोडले. निंगव्वा मात्र पुढं वाकून निरखत होती.

"त्या कोपऱ्यात काळं काळं कायतरी हाय बगा."

मास्तरांनी पाहिलं. उजेडाच्या वरच्या कोपऱ्यात काळसर ठिपक्यांचा पुंजका होता. तो पुंजका त्यांच्या ओळखीचा निघाला! रोज झोपताना कपाळावरची टिकली काढून आरशाच्या त्याच कोपऱ्यात चिकटवायची यशोदाबाईंची सवय. मास्तरांनी किती वेळा रागावून पाहिलं होतं!

आता गप्प बसले असते तर निभावलं असतं. बसणारही होते. पण शेजारचा शिवकुमार नेमका त्याच वेळी भारावून म्हणाला, "काय तो उजेड! माणसाच्या हातनं असला उजेड पडणं शक्यच न्हाय!"

चौतीस वर्षांची नोकरी उसळून वर आली.

"शक्य नाही? अहो, तो उजेड माझा आहे!"

त्याच क्षणी माडीवरून यशोदाबाईंचा खणखणीत आवाज आला, "अहो, पोळी गार होतेय! फोटो मीच काढू का?"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. गॅलरीत आरसा लखलखत होता.

"मास्तर!" रुद्रप्पा ओरडला. "मी रजा टाकून आईला दवाखान्यात नेलं की वो!"

मास्तर खुर्चीतून उठले. तेवढ्यात निंगव्वानं मुलाला हातानं थांबवलं.

"म्हंजे माजा डोळा बरा हाय?"

"उत्तम आहे, निंगव्वा. माझंच चुकलं."

"आन् ते काळं काळं?"

"यशोदाच्या टिकल्या," मास्तर खाली मान घालून म्हणाले.

निंगव्वा काठी टेकत उभी राहिली आणि साऱ्या गर्दीकडं वळली. "ऐकलं का? बोळाच्या पलीकडल्या टिकल्या दिसल्या मला! तुमा जवान लोकास्नी दिसल्या का? सांगा की!"

कुणालाच दिसल्या नव्हत्या. इतका ताठ कणा निंगव्वाचा कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता!

मास्तर माडीवर पोहोचले तेव्हा खांबाची सावली ताटावर आडवी झाली होती. यशोदाबाईंनी एकच फोटो काढला होता. चूक दाखवायला मास्तरांनी तोंड उघडलं, फोटो पाहिला आणि तोंड मिटलं. मोडलेल्या पोळीचा पापुद्रा उन्हात पारदर्शक झाला होता, आतला शेंगांचा कूट दाणा दाणा दिसत होता. वाटत होतं, उचलावी आणि तूप घालून खावी!

तोच फोटो मुखपृष्ठावर आला. आत नाव होतं, 'छायाचित्र : सौ. यशोदा'. मास्तर पुस्तक घेऊन घरोघर हिंडले. "बघा आमच्या हिचा फोटो! आरशाचा कोन तेवढा माझा," असं सांगताना त्यांची छाती शर्टात मावत नव्हती.

शेवटी ते निंगव्वाकडं गेले. तिनं पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं, एक डोळा मिटून पाहिलं.

"मास्तर, हितं करपली हाय की वो."

"ती सावली आहे, निंगव्वा."

"सावली न्हाय. करपली हाय."

मास्तरांनी स्वतःचा चष्मा पुसून पाहिलं. करपली होती!

घरी आल्या आल्या यशोदाबाईंनी विचारलं, "काय म्हणाली निंगव्वा?"

"काही नाही," मास्तर चपला काढत म्हणाले, "सावली फार आवडली तिला."