पहिला पाव तास

आमच्या शेजारचे भुजंगराव सिनेमाला ठरवून उशिरा जातात. तिकीट आधीच काढलेलं असतं, रिक्षाही वेळेवर पोचलेली असते. तरी हे बाहेर शेंगदाणे खात पाव तास उभे. एका हातात पुडी, दुसऱ्या हातात नातीचा हात. दारावरचा माणूस सांगतो, "काका, चालू झाला." भुजंगराव म्हणतात, "होऊ दे. सुरुवातीला नुसती नावं येतेत."

हा माणूस उभी हयात नांदेडच्या बसस्थानकावर कंट्रोलर होता. देगलूरची गाडी जरा उशिरा लागली तरी ड्रायव्हरची बोलती बंद करायचा. आजही आमच्या कॉलनीत दूधवाल्याला उशीर झाला, तर भुजंगराव फाटकात घड्याळ दाखवत उभे असतात. फक्त सिनेमाला गेले की ते घड्याळ बघत नाहीत.

मुलांनो, परवा माझ्याशी फोनवर बोलताना तुम्ही दोघं भांडत होतात, जुना वादळवीर चांगला की नवा. वाऱ्याला हुकूम करणाऱ्या त्या मुलावर आपल्याकडे हिंदीतून सिनेमे येतात, आणि त्यातले जाणकार, हेच भुजंगराव, आमच्या भिंतीपलीकडेच राहतात. त्याला ते 'वादळ्या' म्हणतात, घरच्या माणसासारखं.

पहिल्या मालिकेतले तिन्ही सिनेमे त्यांनी मुलाला, म्हणजे विलासला, लहानपणी दाखवले. पुढे दोनदा नवा नट घेऊन कंपनीनं सगळी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. भुजंगरावांना हे अजून पटलेलं नाही.

"बाई, पहिला वादळ्या उडायच्या आधी घाबरायचा," ते मला सांगतात. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे, म्हणून मी सगळ्या गल्लीची 'बाई'. "गच्चीवर उभा राहून दहा डाव खाली बगायचा. दुसरा घाबरतच न्हाई. जो घाबरत न्हाई त्याचं काय कौतुक करावं?"

"आणि तिसरा?"

"तिसरा बोलतच सुटतो. मारताना बोलतो, मार खाताना बोलतो. आमच्याकडं असा एक कंडक्टर होता, तिकीट द्यायचं इसरायचा."

दुसऱ्या मालिकेवर त्यांचा आणखी एक आक्षेप आहे. सगळा सिनेमा लोडशेडिंगमध्ये काढलाय. पहिल्यानं आपला पोशाख स्वतः मशीनवर बसून शिवला होता, एक बाही आखूड झाली होती. आता पोशाख कॉम्प्युटर शिवतो. हे सांगताना त्यांचा स्वर असा लागतो की, वाटावं पोशाखाचं कापड त्यांनीच आणून दिलं होतं. शेवटी ठरलेलं वाक्य येतं, "पहिला तो पहिला."

हेच वाक्य ते केळ्यांनाही लावतात. अर्धापूरचं केळं पूर्वीसारखं राहिलं नाही. बसस्थानक, चष्म्याचा नंबर, आमचा पोस्टमन, सगळ्यांचा पहिला अवतार बरा होता.

आता घरचं सांगते. विलासची बायको सुनीता करोनाच्या साथीत गेली. चिन्नी तेव्हा तीन वर्षांची होती. निवृत्तीनंतर देगलूरला राहणारे भुजंगराव तिथलं घर बंद करून नातीसाठी इथं विलासकडे आले, तेव्हापासून आमचा शेजार. गेल्या वर्षी विलासनं दुसरं लग्न केलं. रेखा औशाची, शाळेत शिक्षिका, अबोल आणि कामसू. चिन्नी तिला महिन्याभरातच आई म्हणू लागली. भुजंगराव मात्र तिला 'अहो रेखाताई' म्हणत. बँकेतल्या बाईंना म्हणावं तसं.

मागच्या आठवड्यात रेखा गच्चीवर कपडे काढायला आली आणि माझ्याजवळ थांबली.

"बाई, वादळवीरचा नवा सिनेमा येऊन राहिलाय. आता आणखी एक नट. मी चिन्नीला म्हटलं, रविवारी आपण दोघी जाऊ. दुपारच्या हिंदी खेळाची तिकिटं काढली. तर मामा ताटावरून उठले."

"काय म्हणाले भुजंगराव?"

"म्हणले, पोरीला घेऊन जायचं न्हाई. बास. का, ते सांगेनात." तिनं घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घातली. "त्यांचं पहिला तो पहिला मी रोज ऐकते, बाई. केळ्याला म्हणतेत तवर ठीक हाय."

मला भुजंगरावांचा राग आला. काय बोलायचं ते मी दोन दिवस मनात जुळवत होते. पण रविवारी सकाळी तेच दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातलेला, मागे रिक्षा चालू.

"बाई, चला. सकाळचा खेळ इंग्रजीत हाय. तुमी बाजूला बसून मला सांगा."

"चिन्नीला नाही म्हणालात आणि स्वतः निघालात?"

"आदी चला. मग रागवा."

थिएटरवर मी सवयीनं शेंगदाणेवाल्याकडे वळले. ते म्हणाले, "न्हाई. आज पहिल्यापासून बगायचं."

आत जाहिरातीही सुरू झाल्या नव्हत्या. भुजंगराव खुर्चीच्या टोकावर बसले. सिनेमा सुरू झाला. एक लहान घर, आई मुलाला जेवू घालतेय, बाहेर आभाळ काळं. ते माझ्याकडे झुकले. "काय म्हणली ती?"

"टेबलाखाली बस म्हणाली. मी आलेच म्हणाली."

"हेच म्हणती," ते म्हणाले. "दर खेपेला हेच म्हणती." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "तुमी बगा. काय होतंय मला सांगा."

तुम्हाला ही सुरुवात पाठ असेल. मला तोवर ठाऊक नव्हती. त्या वादळातच मुलाला शक्ती मिळते आणि त्याच वादळात त्याची आई जाते. कंपनीनं जितक्या वेळा गोष्ट नव्यानं सुरू केली, तितक्या वेळा आधी त्या बाईला मारलं. पाव तासात. पुढचा सिनेमा मुलगा दवाखान्यात शुद्धीवर येतो तिथून. भुजंगराव नातीला घेऊन आत जात ते तिथपासून. घरी मोबाइलवरसुद्धा ते तिथूनच लावून देत. चिन्नीची समजूत होती की, वादळ्याची गोष्ट दवाखान्यातच सुरू होते.

पडद्यावर छप्पर उडालं, भिंत पडली. शेजारून आवाज आला, "गेली का?"

मलाच दिसत नव्हतं. धूळ बसली. विटांखालून एक हात हलला.

"भुजंगराव, जिवंत आहे."

"नक्की?"

"बोलतेय. टेबलाखालून बाहेर का आलास म्हणून त्याला रागावतेय."

त्यांनी डोळे उघडले. ती बाई पाय मोडलेल्या अवस्थेत मुलाच्या पाठीत धपाटा घालत होती. भुजंगराव खुर्चीत मागे रेलले, लांब श्वास सोडला, आणि थोड्या वेळात घोरू लागले. जन्मभर ज्याची तुलना केली त्या वादळ्याच्या चौथ्या अवताराच्या मध्यंतरापर्यंतच्या सगळ्या लढाया त्यांनी झोपेत काढल्या.

मध्यंतरात मी त्यांना उठवून चहा दिला.

"पोरीला सगळं ठावं हाय," ते म्हणाले. "आईचा फोटो हाय घरात, ती बोलती त्याच्याशी. पण अंधारात, एवढ्या मोठ्या पडद्यावर परत कशाला? आन् नव्या आईच्या मांडीला मांडी लावून बसलेली असताना? पोरगी रडली असती, तर त्या बिचारीनं काय करावं?"

"मग रेखाला हे सांगायचं होतं."

"कसं सांगू? तिला वाटंल, म्हातारा अजून जुन्या सुनेतच अडकलाय."

"न सांगताही तिला तेच वाटतंय," मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी फोन लावला. पलीकडून रेखा काय म्हणाली मला कळलं नाही. इकडचं ऐकू आलं.

"मी बोलतोय. तिकिटं फाडली का? न्हाई ना. मग पोरीला घेऊन या. टायमावर या, पहिल्यापासून बगा. मी हितंच हाय, मला एक तिकीट काढतो." मग म्हणाले, "उन्हाचं येऊ लागलीस, सूनबाई. डोक्यावर रुमाल घे."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा चिन्नी पलंगावरून उड्या मारत वादळ आणत होती आणि रेखा चहा गाळत होती. चिन्नीनं थांबून विचारलं, "आबा, खरं सांगा. कोणता वादळ्या चांगला?"

विलासनं पेपर खाली केला. रेखाचा हात गाळणीवर थांबला.

"पहिला तो पहिलाच," भुजंगराव म्हणाले. रेखानं पुढे केलेला कप त्यांनी घेतला, बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "पण ह्याच्यातली आई लई बेस हाय."